उघड्या दाराची शिकवणी

मी गुरांची डॉक्टर होते. आता निवृत्त आहे. पण ज्या दिवसांचं सांगते आहे तेव्हा, म्हणजे ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, खानदेशात बाईमाणसाने गुरांची डॉक्टर असणं ही लोकांना एक करमणूकच होती. म्हैस अडली म्हणून धावत आलेला शेतकरी दवाखान्याच्या दारात मला बघायचा, मग माझ्या खांद्यावरून आत बघायचा आणि विचारायचा, "डाक्टर कोठे शेतस?" मी कोपरापर्यंतचा रबरी हातमोजा चढवत म्हणायचे, "समोर उभी आहे. म्हैस कुठे आहे ते सांगा." स्वभाव मुळातच तिखट. नोकरीने तो आणखी तिखट केला, असं आई म्हणायची. मला विचाराल तर एकटीने राहण्याने केला.

जिल्ह्याच्या गावी एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन मी राहत होते. जिल्हा धुळं की जळगाव, ते मुद्दामच सांगत नाही. तुरुंगाची गोष्ट आहे आणि तिच्यातली माणसं अजून कुणाची ना कुणाची नातलग आहेत. माहेर चाळीसगावला. दिवाळीला जायचे, पण भावाचं लग्न झाल्यापासून त्या घरात माझा चहा कपाटातल्या चांगल्या कपातून यायला लागला होता. ज्या घरात आपण कानतुटक्या कपाने चहा पीत मोठे झालो, तिथे चांगला कप पुढे आला की काय ते समजून घ्यायचं. मी समजून घेतलं आणि मुक्काम कमी करत आणला.

एकट्या बाईने दार उघडं टाकू नये, असं घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते निमूट पाळत होते. दवाखान्यातून आले की आत जायचं, कडी घालायची, स्टोव्ह पेटवायचा. स्वयंपाक उभ्याने आणि जेवणही उभ्यानेच. बसून जेवायला समोर कुणीतरी लागतं.

दवाखान्याला लागून नगरपालिकेचा कोंडवाडा होता. खरं तर तो मोकाट गुरांसाठी, पण लोक नको असलेली कुत्र्याची पिल्लं आणून त्याच्या तारेच्या आत सोडून जात. त्या काळी मोकाट कुत्र्यांचं पुढे काय व्हायचं ते मी इथे लिहीत नाही. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी पिल्लं उचलून दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवायचे. त्यावरून कंपाउंडर रोज माझ्यावर तोंड टाकायचा, आणि त्याचंही बरोबरच होतं, कारण सगळं धुवायला त्यालाच लागायचं.

तुरुंगात मी जायचे ते गाईंसाठी. तुरुंगाची भिंतीबाहेर थोडी शेती होती, गोठा होता, आणि आठवड्यातून एकदा जनावरं बघायला मला बोलवत. अशाच एका फेरीत अधीक्षक साहेबांसमोर मी पिल्लांवरून चिडचिड केली. साहेब शांत माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे आणा. आमच्याकडे जागा आहे, भिंत आहे, उरलेली भाकरी आहे आणि माणसांकडे वेळ तर विचारूच नका. इथून बाहेर जाणारा सुधारून जातो असं सरकारचं म्हणणं आहे. माणसांचं मला माहीत नाही, निदान कुत्री तरी जाऊ देत."

असं ते सुरू झालं. पिल्लं मी कोंडवाड्यातून उचलायची, जंताचं औषध द्यायचं, लस टोचायची आणि तुरुंगात नेऊन सोडायची. स्वयंपाकघरामागच्या अंगणात चांगल्या वागणुकीचे काही कैदी त्यांना वाढवायचे, शिकवायचे, आणि मोठी झाली की गरजू शेतकऱ्यांना राखणीसाठी द्यायची. रावेरकडचे केळीवाले, पाचोऱ्याकडचे कापूसवाले, बागाईतदार, सगळ्यांनाच मळ्यात कुत्रं हवं असतं. दवाखान्यातले आमचे कारकूनभाऊ त्याला "दत्तकविधान" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

कुत्र्यांच्या अंगणातले मुख्य म्हणजे आबा. सगळा तुरुंग त्यांना आबाच म्हणायचा, शिपाईसुद्धा. गिरणाकाठचे शेतकरी. बांधावरच्या भांडणात त्यांच्या हातून चुलतभावाचा जीव गेला होता आणि जन्मठेप लागली होती. ते त्यांनी कधी नाकारलं नाही, आणि कधी रंगवूनही सांगितलं नाही. उंच, वाकलेले, बोलायला महाग. बैलांना हाकताना जीभ टाळूला लावून जो आवाज काढतात त्याच आवाजावर त्यांनी कुत्री शिकवली. एक आवाज म्हणजे ऊठ, दोन म्हणजे बस. परक्याच्या हातचं खायचं नाही. कोंबडीमागे धावायचं नाही. अन्न समोर असलं तरी परवानगीवाचून तोंड लावायचं नाही.

आणि कुत्र्यांना नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. एका तरण्या कैद्याने एका पिल्लाला लाडाने काही हाक मारली तर आबांनी त्याला तिथल्या तिथे झापलं. "नाव ठेवानं नई. नाव ठेवं का माया लागस. मंग ते जास, आन् तू बठ." मी म्हटलं, आबा, जनावराला हाक तर हवी. ते म्हणाले, "ज्याना घर जाई, तो ठेवी."

पहिली कुत्री गेली तेव्हा आम्ही सगळे खूष होतो. साहेबांनी गूळ वाटला. मग महिनाभराने भडगावकडचा एक शेतकरी, ज्याची लिंबाची बाग होती, लिंबाच्या मेटॅडोरमधून कुत्रं परत घेऊन आला. "डाक्टरीनबाई, तुमनं कुत्रं तुमलेच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "फाटकमाईन येस, आन् अंगणमा बशी ऱ्हास. घरनं दार सताड उघडं शे, तरी मझार पाय टाकत नई. बागनं बी तसंच. उद्या चोर ऊना तं त्याले सांगी का, बाबा, पहिले फाटक लाव?"

मी अर्थातच त्याच्यावरच घसरले. म्हटलं, तुम्ही मारलं असेल, घाबरलंय ते. त्याने गळ्याची शपथ घेतली. दवाखान्यात बघितलं तर तसंच. अंगणातून व्हरांड्यात यायला तयार नाही. डोळे, पाय, कान, सगळं ठीक. मला काही उलगडेना. शेवटी त्याच मेटॅडोरमधून कुत्रं घेऊन आम्ही तुरुंगात गेलो.

तुरुंगाला मोठे दरवाजे दोन, एकापुढे एक, आणि मधे खोलीएवढी जागा. बाहेरचा उघडला की आतला बंद. आतला उघडायचा तर आधी बाहेरचा लागला पाहिजे. दोन्ही एकदम उघडे असं तिथे कधीच होत नाही. मलाही प्रत्येक वेळी त्या मधल्या जागेत थांबावं लागे, पाठीमागे लोखंडी कडी पडेपर्यंत. कुत्री रोज कैद्यांबरोबर शेतावर जायची आणि परत यायची, ती याच वाटेने.

बाहेरचा दरवाजा उघडल्यावर ते कुत्रं उड्या मारत आत घुसलं आणि मधल्या जागेत येऊन बसलं. कान मागे लावून. मागे दरवाजा लागला, कडी खणकन पडली, तसं ते उठलं, शेपूट हलवलं आणि आतल्या दाराशी जाऊन उभं राहिलं. शिपाई आधी हसला. मग लिंबूवाला हसला. आमची गडबड ऐकून दरवाज्याशी आलेले साहेब आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही त्याला दहा गोष्टी शिकवल्या म्हणून मिरवत होतो, आणि ही अकरावी कुणी न शिकवताच ते शिकलं होतं. मागचं दार लागल्याशिवाय पुढचं आपलं नसतं, हे. इतकी वर्षं सगळे तसेच वागत होतो, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आतल्या दाराच्या गजांपलीकडून बघणारे आबा हसले नाहीत. दार उघडल्यावर कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "त्याना काय दोष? जे दखं ते शिकनं."

मी म्हटलं, मग आता उघड्या दारातून जायला शिकवा.

"बाई," ते म्हणाले, "आठे उघडं दार कोठे शे?"

मला तोवर वाटत होतं की मी तुरुंगात बऱ्याच वेळा गेले आहे, म्हणजे मला तो माहीत आहे. त्या एका प्रश्नाने कान धरून मला बाहेर काढलं. खरंच तिथे उघडं दार नव्हतं. साहेबांच्या अधिकारात सगळं होतं, पण एक दार उघडं टाकून ठेवणं त्यांच्याही अधिकारात नव्हतं.

म्हणून ही शिकवणी माझ्या घरी सुरू झाली. जाणारं प्रत्येक कुत्रं आधी आठवडाभर माझ्याकडे राहू लागलं. संध्याकाळी मी वाड्याचं फाटकही उघडं ठेवायचे, खोलीचं दारही उघडं ठेवायचे, आणि आत जमिनीवर बसून भाकरीचे तुकडे करायचे. कुत्रं अंगणात बसून माझ्याकडे बघायचं. मी आबांसारखा जिभेचा आवाज काढायचे, तो काही जमायचा नाही. मागे कडी पडण्याची ते वाट बघायचं. अर्धा-अर्धा तास आम्ही असे समोरासमोर बसून असायचो, मधे एक उंबरठा.

मालकीणबाई सुरुवातीला कपाळाला आठ्या घालून होत्या. मग एक दिवस त्या डाळ निवडायचं ताट घेऊन माझ्या दाराशी येऊन बसल्या. "तुमचं शिकत नाही का हो अजून?" म्हणाल्या. त्यानंतर रोज कुणी ना कुणी डोकवायचं. कुत्रं शिकलं की नाही याची गल्लीला काळजी. दार उघडं आहे म्हटल्यावर माणसं सहज आत येतात, हे मला इतकी वर्षं त्या घरात राहून माहीत नव्हतं. त्या आठवड्यांत मी बसून जेवायचे. समोर एक कुत्रं असायचं आणि त्याचं सगळं लक्ष माझ्याकडे असायचं. खोटं कशाला बोलू, भाकरीकडे असायचं. पण मला तेवढंही चालत होतं.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं एक पाय आत टाकायचं. काढून घ्यायचं. पुन्हा टाकायचं. एकदा आत आलं की त्याला कळायचं की काहीच होत नाही, आणि मग ते दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर करत राहायचं. मग शेतकरी येऊन घेऊन जायचा. मी पुन्हा दार लावून उभ्याने जेवायला लागायचे. दर वेळी वाटायचं, या खेपेला तितकं वाईट वाटणार नाही. दर वेळी वाटायचं.

आबांनी एक तांबूस कुत्री मात्र कुणाला दाखवली नव्हती. तिचा एक कान मोडका. डोळे उघडायच्या आधी ती आली होती, आणि आबांनी तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. शेतकरी निवड करायला आले की ती नेमकी कुठेतरी मागे बांधलेली असायची. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आबांच्या सुटकेचं बोलणं सुरू झालं. चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत बरीच माफी जमली होती. साहेबांनी त्यांना विचारलं, सुटल्यावर जाणार कुठे? आबांची बायको ते तुरुंगात असतानाच वारली होती. एक मुलगी होती, भडगावजवळ एका खेड्यात दिलेली. लहानपणी मामाचं बोट धरून ती मुलाखतीला, म्हणजे तुरुंगात भेटायला, यायची. कळती झाली आणि यायची बंद झाली. तिच्या लग्नाचं आबांना कळलं तेही दुसऱ्याच कुणाकडून.

पुढच्या फेरीला मी गोठ्यात गाईचं खूर बघत होते, तेव्हा आबा ती तांबूस कुत्री घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले. "हाई मनी पोरकडे पोचाडा," म्हणाले. मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. "पोरनी हाई कुत्री ठेई लिधी, तं माले बी ठेई. नई ठेवी, तं माले समजी जाई. मंग मी तिना दारशी जाऊन तिले संकटमा टाकाव नई."

मला त्यांचा राग आला. स्वतः काही विचारायचं नाही, मुक्या जनावराला पुढे करायचं. तसं मी बोललेही. ते म्हणाले, "माय, माले कोठे बोलता येस?"

तांबूस कुत्री माझ्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी उंबरठा ओलांडून आत आली. इतकी हुशार. ती उंबरठ्यावरच आडवी झोपायची, पुढचे पाय आत, मागचे बाहेर. मी दवाखान्यातून आले की गल्लीच्या तोंडाशी तिला माझी चाहूल लागायची. मला ती हवी होती. किती हवी होती ते सांगून उपयोग नाही. मी ठेवून घेतली असती तरी कुणी विचारायला येणार नव्हतं, आणि मुलीने नको म्हटलं असं आबांना सांगता आलं असतं. लसीकरणाच्या शिबिरासाठी आमची जीप भडगावला निघाली त्या सकाळी मी तिला जीपमध्ये घातलं आणि वाटेत कंपाउंडरशी उगाचच भांडले.

मुलीचं घर गावाच्या कडेला होतं. काट्यांचं कुंपण, पत्र्याचं फाटक, मधे सारवलेलं अंगण. अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड, वाळत घातले होते. ती ओसरीत बसली होती. वय माझ्यापेक्षा थोडं कमी. मी कोण, कुठून आले, ते सांगितलं. वडिलांचं नाव काढल्याबरोबर तिचा चेहरा मिटला.

"त्यासना हातनं काहीच नको माले," ती म्हणाली.

मी म्हटलं, कुत्री त्यांची नाही. कोंडवाड्यातली आहे. त्यांनी फक्त वाढवली.

"तेच म्हनस मी. माले वाढाडता उनं नई. कुत्री वाढाडी."

ती बोलत राहिली, आवाज न चढवता. बापाच्या एका दिवसाच्या रागापायी आईने जन्मभर भावाच्या घरी भांडी घासली. "लहान व्हतू तवय मुलाखतले जाऊ मी. जाळीमाईन बोट लावानं, बस. बापनं बोट." तिने स्वतःचं बोट बघितलं आणि पदराखाली घेतलं.

मी निघायच्या बेतात होते. कुत्रीची दोरी ओढली तर ती जागची हलेना. ती अंगणात, बिबड्यांच्या खाटेशी बसली होती. खाट तिच्या तोंडाच्या उंचीला, वाळते बिबडे एका चाटण्यावर, आणि तिने तोंड फिरवून ठेवलं होतं. मुलगी ते बघत होती. "तोंड लावत नई?" तिने विचारलं. खानदेशात बिबडे घातलेल्या अंगणात कुत्रं बसून राहतं आणि बिबडा शाबूत राहतो, ही साधी गोष्ट नाही. मी म्हटलं, सांगितल्याशिवाय लावणार नाही.

"मझार बलावा तिले. पानी देस."

मी आवाज काढला. कुत्री उठली, दारापर्यंत गेली आणि बसली. माझ्या घरी दिवसातून शंभरदा उंबरठा ओलांडणारी ती, नवं दार बघून सगळं विसरली होती. कान मागे लावून बसून राहिली. मला लाज वाटली, जणू मीच नापास झाले. "का येत नई?" मुलीने विचारलं. मग मी तिला सांगितलं. दोन दरवाजे, मधली जागा, मागची कडी. सगळं सांगितलं.

ती ओसरीतून उतरली, माझ्या आणि कुत्रीच्या बाजूने चालत फाटकापर्यंत गेली, आणि तिने पत्र्याचं फाटक ओढून कडी घातली. खणकन आवाज झाला. कुत्री उठली आणि घरात गेली.

"ऱ्हाऊ द्या," मुलगी म्हणाली. "बापनं बोलू नका."

त्यानंतर शिबिराच्या निमित्ताने भडगावकडे गेले की मी तिच्याकडे डोकवायचे. जावई पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सासऱ्याचं काय ते तीच ठरवील, असं म्हणून तो मोकळा झाला होता. वडिलांचा विषय ती काढायची नाही, मीही नाही. परत आले की आबा गोठ्याशी उभे असायचे. ते मुलीचं काही विचारत नसत. एवढंच विचारत, "कुत्री कोठे निजस?" पहिल्यांदा मी सांगितलं, अंगणात. पावसाळ्यात सांगितलं, ओसरीवर. थंडी पडायला लागली तेव्हा मी सांगितलं, "चुलीजवळ." आबा मान हलवून गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गाईला काही झालेलं नव्हतं.

त्याच खेपेला आणखी एक सांगायचं होतं, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. मी फाटकाशी असताना मुलीने आतून कुत्रीला हाक मारली होती. तिने तिला नाव ठेवलं होतं. ते नाव मी आबांना सांगितलं आणि ते गव्हाणीच्या कडेवर खाली बसले. मुलगी रांगत होती तेव्हापासून त्यांच्या दारात एक गाय होती, तिचं ते नाव. "तिले याद शे," ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

सुटकेचा दिवस ठरला. साहेबांनी मुलीच्या गावी निरोप पाठवला. तिकडून उत्तर नाही. त्या सकाळी मी रजा टाकून तुरुंगाबाहेर उभी होते, कारण आबांना पोचवाल का, असं साहेबांनी विचारलं होतं आणि मला नाही म्हणता आलं नाही. रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. आबा बाहेर आले, हातात गाठोडं, अंगावर घडीच्या खुणा असलेलं धोतर. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, चला, गाडी चुकेल.

स्टँडवर गाडीच्या दारासमोर ते उभे राहिले. लोक बाजूने चढत होते. कंडक्टर ओरडला, "ओ बाबा, चढा ना! ओवाळायला कुणी येणार आहे का?" मी त्यांच्या कोपराला धरून वर ढकललं. वाटभर ते खिडकीतून शेतं बघत होते. कापसाच्या शेवटच्या वेचण्या चालल्या होत्या. मलाही आतून भीती वाटत होती. कुत्रीला चुलीजवळ जागा मिळाली म्हणून माणसाला मिळेलच, असं कुठे आहे?

गावात उतरल्यावर गाठोडं मी घेतलं. फाटक उघडं होतं. घराचं दारही उघडं होतं. आत चूल पेटलेली, आणि मुलगी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापत होती. तिने वर बघितलं. थापणारा हात थांबला.

आबा फाटकातून आत गेले आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले. मी फाटकाशीच थांबले. तांबूस कुत्री आतून धावत आली, त्यांच्या पायांचा वास घेतला, त्यांच्याभोवती फिरली, कुईकुई केलं, पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. ती त्या उघड्या दारातून दहा वेळा गेली आणि आली. आबा हलेनात. दार समोर, चार पावलांवर. मुलगी या म्हणत नव्हती, जा म्हणत नव्हती. तव्यावरची भाकरी जळत असल्याचा वास आला. मला ओरडावंसं वाटत होतं, कुणावर ते कळत नव्हतं.

मग ती उठली. पिठाचे हात तसेच घेऊन दारातून बाहेर आली. बापाच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या बाजूने निघाली आणि सरळ माझ्यापर्यंत आली. माझ्या हातातलं गाठोडं तिने घेतलं. दुसऱ्या हाताने फाटक ओढलं आणि कडी घातली.

खणकन आवाज झाला. आबांचे खांदे खाली आले. त्यांनी वाकून उंबरठ्याला हात लावला आणि ते आत गेले. मागून कुत्री गेली, आणि मागून ती. आतून तिचा रडण्याचा आवाज आला, मग आबांचा.

मी फाटकाच्या बाहेर होते. ती मला विसरली होती, आणि त्या क्षणी तिने मला विसरायलाच हवं होतं. पत्र्यावर तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे उमटले होते. मला रडू आलं, आणि ते त्या दोघांसाठी नव्हतं. माझ्यामागे कडी घालून मला आत घेणारं कुणी नाही, हे मला तिथे, भर दुपारी, परक्या गावात, अगदी स्पष्ट कळलं. मग मी डोळे पुसले आणि स्टँडकडे चालायला लागले. पाचोऱ्याची गाडी लागलेली होती.